स्कोडा, तेमिरताऊ आणि परक्या पैशाचा हिशोब

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शेंद्र्याची एमआयडीसी येते. स्कोडाचा कारखाना तिथलाच. २००१ मध्ये, शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं तेव्हा, तिथे ऑक्टाविया गाडीची जोडणी सुरू झाली. आमच्याकडे कुणी ऑक्टाविया घेतली की लोक म्हणायचे, "जर्मन गाडी आहे." एखादा माहितगार दुरुस्ती करायचा, "नाही हो, झेक." दोघांचंही बरोबर होतं. कंपनी झेक होती आणि मालक जर्मन.

ही मालकी कशी बदलली, बदलताना काय काय लिहून घेतलं गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. परकीय गुंतवणूक चांगली की वाईट, या वादात आपण फार वेळ घालवतो. माझ्या मते प्रश्न तिथे नाहीच. करारात काय लिहिलं, आणि ते पाळून घ्यायला सरकार जागं राहिलं का, यावर बहुतेक सगळं ठरतं. हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते १९८९ नंतरच्या पूर्व युरोपात आणि जुन्या सोव्हिएत प्रदेशात. सरकारी नियोजनावर चाललेले देश बाजारपेठेकडे वळत होते. अर्थशास्त्रात त्यांना 'संक्रमणातल्या अर्थव्यवस्था' म्हणतात. एकाच दशकात, जवळपास एकाच अवस्थेतून निघालेले कारखाने परक्यांच्या हाती गेले आणि त्यांची नशिबं पार वेगळी निघाली.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. पेपरात बातमी येते, अमक्या राज्यात इतक्या हजार कोटींची थेट परकीय गुंतवणूक. वाचताना डोळ्यांसमोर पैशाची थैली येते. पण परदेशातून पैसा अनेक वाटांनी येतो. सरकार कर्ज काढतं, तोही परका पैसा. परदेशी फंड शेअर बाजारात शेअर घेतात, तोही. 'थेट' गुंतवणूक वेगळी असते, कारण तिच्यात कारभारात हात घालण्याचा हक्क असतो. आंतरराष्ट्रीय हिशोबात कंपनीच्या मतदानाच्या हक्कात १० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा घेतला, तर ती थेट गुंतवणूक धरतात.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर सावकार आणि बटईदार यांच्यातला हा फरक आहे. सावकाराला व्याजाशी मतलब, तुम्ही कापूस लावा की तूर. बटईने शेत करणारा मात्र रोज बांधावर उभा असतो. बी कोणतं, पाणी कधी, माल जालन्याला न्यायचा की लासूरला, सगळ्यात त्याचा शब्द असतो. पीक बुडालं तर तोही बुडतो. म्हणून तो आपली अवजारं आणतो, आपली पद्धत आणतो. थेट गुंतवणुकीतही तसंच होतं. पैशाबरोबर यंत्र येतं, माणसं येतात, गिऱ्हाईकं येतात, कामाची रीत येते. आणि शेवटचा शब्द कुणाचा, हेही बदलतं.

समाजवादी कारखान्याला या सगळ्याची गरज का पडली? कारण त्याला विकणं माहीतच नव्हतं. किती माल काढायचा हे योजना मंडळ सांगायचं, किंमत सरकार ठरवायचं, गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. एखादी वस्तू बनवायला नेमका किती खर्च येतो, हे कित्येक कारखान्यांत कुणी धड सांगू शकत नसे. यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थतज्ज्ञाने या आजाराला छान नाव दिलं होतं, त्याचा भावार्थ 'नरम अंदाजपत्रक' असा. तोटा झाला तर सरकार भरून काढणार, हे कारखान्याला आधीच ठाऊक. पोराला दुकान घालून दिलं आणि दर दिवाळीला त्याची उधारी बापानेच फेडली, तर तो पोरगा गल्ला कशाला मोजेल?

त्यात गिऱ्हाईक गेलं. समाजवादी देशांची आपसातल्या व्यापाराची व्यवस्था, कॉमेकॉन, १९९१ मध्ये मोडली. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून आपसातले सौदेही डॉलरसारख्या चलनात होऊ लागले आणि डॉलर कुणाकडेच नव्हते. ठरलेली ऑर्डर एका रात्रीत नाहीशी झाली. देशातल्या कुणी कारखाने विकत घ्यावेत म्हटलं, तर लोकांकडे पैसा नव्हता. रशियात २ जानेवारी १९९२ ला भावांवरचं नियंत्रण उठलं आणि वर्षभरात लोकांची आयुष्यभराची शिल्लक महागाईने खाऊन टाकली. पोलंडने त्याआधी दोन वर्षं असाच भडका पाहिला होता.

मग हजारो सरकारी कारखान्यांचं करायचं काय? तीन वाटा होत्या. जनतेला वाटून टाकायचे, आतल्याच मॅनेजर-कामगारांना द्यायचे, किंवा बाहेरच्याला विकायचे.

वाटून टाकण्याचा प्रयोग झेकोस्लोव्हाकियाने मोठ्या हौसेने केला. प्रौढ नागरिकाने साधारण आठवड्याभराच्या पगाराइतके पैसे भरून कूपनचं पुस्तक घ्यायचं आणि त्या कूपनांवर कंपन्यांचे शेअर मिळवायचे. कल्पना मनाला भावणारी होती. प्रत्यक्षात लाखो लोकांनी आपली कूपनं गुंतवणूक फंडांच्या हाती दिली. कुणाचाच ठळक वाटा नाही म्हटल्यावर लक्ष ठेवणारंही कुणी उरलं नाही. आतून कंपनी पोखरून माल बाहेर काढण्याचे प्रकार इतके झाले, की झेक भाषेत त्यासाठी एक शब्दच रूढ झाला, 'टुनेलोव्हानी'. म्हणजे बोगदा काढणं. फळीवर कंपनीचं नाव तेच, आत तिजोरी रिकामी.

हंगेरीने तिसरी वाट धरली, कारण तिला दुसरा इलाज नव्हता. सुमारे २० अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज डोक्यावर होतं. घरातलं सोनं विकून देणं फेडावं, तशी हंगेरीने रोख रकमेवर कंपन्या विकल्या. दिव्यांसाठी नावाजलेली तुंग्सराम कंपनी १९८९-९० मध्येच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे गेली. निम्म्याहून एक शेअर जास्त, किंमत १५ कोटी डॉलर. पुढच्या काही वर्षांत तिथली माणसं जवळजवळ निम्म्यावर आली. पण सुझुकी एस्टरगोममध्ये आली, आउडीने ड्योर शहरात इंजिनं बनवायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात या सगळ्या देशांमध्ये दरडोई सर्वांत जास्त थेट गुंतवणूक हंगेरीत आली.

आता स्कोडाकडे येऊ.

प्रागच्या ईशान्येला म्लादा बोलेस्लाव नावाचं गाव आहे. तिथे १८९५ मध्ये लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी सायकली बनवायला घेतल्या. मग मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या. १९२५ मध्ये कंपनी प्लझेनच्या स्कोडा उद्योगसमूहात गेली, दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारजमा झाली. म्हणजे समाजवाद येण्याच्या आधीपासून या गावाच्या हातात पन्नास वर्षांचं कसब होतं. १९८७ मध्ये त्यांनी फेव्हरिट नावाची गाडी काढली, तिचा आकार इटलीच्या बेर्तोनेने रेखला होता. गाडी वाईट नव्हती. पण पश्चिमेत स्कोडाचं नाव इतकं उतरलं होतं, की ब्रिटनमध्ये तिच्यावरचे विनोद घरोघरी सांगितले जात.

नोव्हेंबर १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट रक्तपाताविना गेली, तिला मखमली क्रांती म्हणतात. त्यानंतर नव्या सरकारला परकीय भागीदार शोधायचा होता. शेवटच्या फेरीत दोघे उरले, फ्रान्सची रेनॉ आणि जर्मनीची फोक्सवागन. रेनॉच्या प्रस्तावाचा रोख म्लादा बोलेस्लावात आपल्या गाड्या बनवण्याकडे होता. फेव्हरिट हळूहळू बंद झाली असती. फोक्सवागनने सांगितलं, स्कोडा हे नाव राहील, फोक्सवागन, आउडी आणि सेआटच्या बरोबरीने समूहाची चौथी गाडी म्हणून उभं राहील, फेव्हरिट चालू राहील, आणि म्लादा बोलेस्लावातला गाडी विकसित करणारा विभाग तिथेच राहील. कामगार संघटनाही फोक्सवागनच्या बाजूने उभ्या राहिल्या. डिसेंबर १९९० मध्ये सरकारने निर्णय केला, २८ मार्च १९९१ ला करारावर सह्या झाल्या.

करारातल्या या शेवटच्या गोष्टीवर, विकास विभागावर, मी जरा थांबतो. कारखाना विकताना सगळ्यांचं लक्ष असतं किंमत किती आणि नोकऱ्या किती राहणार याकडे. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, त्यात वाद नाही. पण नवी गाडी कागदावर रेखणारी, तिची चाचणी घेणारी, साच्याचं माप ठरवणारी दोन-चारशे माणसं ज्या गावात राहतात, त्या गावाचं भवितव्य वेगळं असतं. ती माणसं उठून गेली की उरते फक्त जोडणी. नट आवळण्याचं काम उद्या आणखी स्वस्त मजूर जिथे मिळतील तिथे हलवता येतं.

दुसरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे सगळं एकदम विकलं नाही. एप्रिल १९९१ मध्ये फोक्सवागनला ३० टक्के वाटा मिळाला. पुढे १९९४ मध्ये ६० च्या किंचित वर, १९९५ मध्ये ७० टक्के, आणि पूर्ण मालकी थेट २००० मध्ये. लग्नात देणंघेणं टप्प्याटप्प्याने ठरवावं तसं सरकारने आपला हात काही वर्षं तरी सोडला नाही. त्याचा उपयोग झाला, कारण १९९३ मध्ये फोक्सवागन स्वतः अडचणीत आली आणि तिने ठरलेल्या गुंतवणुकीतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. प्रागमध्ये संताप उसळला. पुन्हा बोलणी झाली, करारात बदल झाले, गुंतवणूक ठरल्यापेक्षा कमी आली. तरी विकास विभाग राहिला आणि नाव राहिलं.

कारखान्याच्या आत काय चाललं होतं? फोक्सवागनने एक पद्धत वापरली, तिला 'टँडेम' म्हणत, म्हणजे जोडीने दामटायची सायकल. महत्त्वाच्या जागांवर एक झेक अधिकारी आणि त्याच्या शेजारी बाहेरून आलेला एक, बहुतेक वेळा जर्मन. दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. बाहेरचा ठरावीक वर्षांनी परत जाणार आणि तोवर झेक माणूस तयार झालेला असणार. कागदावर हे जितकं गोड दिसतं तितकं सोपं नव्हतं. शेजारी बसणाऱ्या दोघांच्या पगारात मोठी तफावत होती. भाषा अडायची. वीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसाला तुझा खर्चाचा तक्ता चुकलाय असं ऐकून घ्यावं लागायचं. पण खर्च मोजणं, विक्रीचा अंदाज बांधणं, गिऱ्हाईकाची तक्रार थेट लाईनवर पोचवणं, हे तिथल्या माणसांनी याच मार्गाने शिकून घेतलं. परक्या पैशाबरोबर येणारी 'कामाची रीत' म्हणतात ती हीच.

खरी उलथापालथ मात्र कारखान्याच्या भिंतीबाहेर झाली, आणि माझ्या मते गुंतवणुकीचं मोजमाप तिथेच करावं. गाडीतले बहुतेक सुटे भाग व्हेंडर बनवतात. फोक्सवागनने झेक पुरवठादारांना कळवलं, आमच्या दर्जाचा माल, आमच्या वेळेवर आणि दर वर्षी थोड्या कमी दराने द्या. जमत नसेल तर एखाद्या परदेशी कंपनीशी भागीदारी करा आणि शिका. वाळूज किंवा भोसरीच्या कुठल्याही लघुउद्योजकाला यात नवल वाटणार नाही. ऑडिटची तारीख, रिजेक्शनचे पीपीएम (दहा लाखांमागे किती भाग नाकारले), दर कमी करण्याची चिठ्ठी, हा त्याचा रोजचा जाच आहे. त्या जाचातूनच तो असा भाग बनवायला शिकतो जो नंतर दुसऱ्या चार कंपन्यांनाही विकता येतो. झेक पुरवठादारांचंही तसंच झालं. स्कोडाला देता देता ते जर्मनीतल्या इतर कारखान्यांनाही माल पाठवू लागले. १९९६ ला ऑक्टावियासाठी नवं दालन बांधलं, तेव्हा काही पुरवठादारांची माणसं थेट जोडणीच्या लाईनशेजारी आणून बसवली. सीट किंवा डॅशबोर्ड तिथल्या तिथे तयार होऊन गाडीत बसू लागला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी भागीदार आले आणि बऱ्याच पुरवठादार कंपन्या हळूहळू त्यांच्याच झाल्या. वरच्या फळीत परकी नावं, झेक मालकाच्या कंपन्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीत. शिकले सगळे, मालकी मात्र वरून निसटली.

१९९१ मध्ये स्कोडाने सुमारे १ लाख ७२ हजार गाड्या बनवल्या होत्या. २०१४ मध्ये पहिल्यांदाच एका वर्षात १० लाखांहून अधिक विकल्या.

रोमानियाच्या दाचियाची गोष्ट थोडक्यात, कारण तिचा धागा नाशिकला येऊन मिळतो. १९९९ मध्ये रेनॉने दाचियातला ५१ टक्के वाटा घेतला. २००४ मध्ये मियोवेनीच्या कारखान्यातून लोगान बाहेर पडली, कमी पगाराच्या देशातल्या माणसालाही घेता यावी अशा बेताने आखलेली साधी, दणकट गाडी. २००७ मध्ये तीच लोगान महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनू लागली. पुढे ती व्हेरिटो झाली. नाशिक-मुंबई रस्त्यावर टॅक्सी म्हणून धावणाऱ्या कित्येक व्हेरिटोंचा मूळ पिंड रोमानियन होता.

सगळीकडे असं झालं नाही. पोलंडमध्ये वॉर्सातला एफएसओ कारखाना दक्षिण कोरियाच्या देवूने घेतला. भरघोस आश्वासनं दिली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी देवू स्वतःच कर्जाखाली कोसळली आणि वॉर्साचा कारखाना लोंबकळत राहिला, २०११ मध्ये तिथली मोटारीची लाईन थांबली. मालक बुडाला की मांडीवरचंही बुडतं. विकताना घेणाऱ्याच्या घरची परिस्थिती पाहावी लागते ती यासाठी.

आता दुसरा कारखाना. मध्य कझाकस्तानात कारागांडाजवळ तेमिरताऊ आहे. तेमिर म्हणजे लोखंड, ताऊ म्हणजे डोंगर. नावातच पोलाद असलेलं हे गाव सोव्हिएत काळात एका प्रचंड पोलाद कारखान्याभोवती उभं राहिलं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव तरुणपणी याच कारखान्याच्या भट्टीवर कामाला होते. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा इथे अवघडलेपण स्कोडापेक्षा कितीतरी मोठं होतं. माल घेणारे कारखाने आता परदेशात गेले होते आणि त्यांच्याकडे पैसे नव्हते. मालाच्या बदल्यात माल असे सौदे चालले होते. कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले.

१९९५ मध्ये हा कारखाना लक्ष्मी मित्तल यांच्या इस्पात समूहाने घेतला. त्रिनिदाद आणि मेक्सिकोतले सरकारी पोलाद कारखाने त्यांनी आधीच ताब्यात घेऊन सावरले होते. थकलेले पगार दिले गेले. पुढच्या वर्षी कारागांडाच्या कोळसा खाणीही समूहाकडे आल्या, म्हणजे भट्टीला लागणारा कोळसा घरचा झाला. शेजारच्या चीनमध्ये पोलादाची भूक वाढत होती, माल तिकडे जाऊ लागला. तेमिरताऊ हे एका कंपनीचं गाव असल्याने ट्राम, घरांना हिवाळ्यात मिळणारी ऊब, सगळ्याच गोष्टी कारखान्याला चिकटलेल्या होत्या. तिथे हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत जातो. कारखाना थांबणं म्हणजे घरातलं गरम पाणी थांबणं. नव्या मालकाने ते चालू ठेवलं, आणि त्या काळी गावाला त्याचा मोठा आधार वाटला असणार.

पण जमिनीखाली वेगळं चाललं होतं. कारागांडाच्या खाणी मिथेन वायूने भरलेल्या, देशातल्या सर्वांत धोक्याच्या. २००४ मध्ये शाख्तिन्स्काया खाणीत स्फोट होऊन २३ माणसं गेली. २००६ मध्ये लेनिन खाणीत ४१. जानेवारी २०१८ मध्ये तेमिरताऊत काळा बर्फ पडल्याचे फोटो जगभर गेले. अंगणात, झोपाळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर काजळीचा थर होता. २८ ऑक्टोबर २०२३ ला कोस्तेन्को खाणीत ४६ कामगार मेले. त्याच दिवशी सरकारने हा कारखाना आणि खाणी कंपनीकडून काढून घेणार असल्याचं जाहीर केलं आणि वर्ष संपण्याआधी हस्तांतर झालं. अठ्ठावीस वर्षांची मालकी संपली. कारखान्याला 'कारमेट' हे नाव मिळालं.

मित्तल यांनी कारखाना वाचवला, हे खरं आहे. त्याच खाणींत इतकी माणसं मेली, हेही खरं आहे. यातलं एक सांगून दुसरं झाकणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे अडचण अशी होते, की करार करताना सरकार घाईला आलेलं असतं. पगार द्यायचेत, गाव गोठू द्यायचं नाही. त्या घाईत मिथेन काढण्याच्या यंत्रणेवर दर वर्षी किती खर्च व्हायला हवा, हे कुणाच्या डोक्यात नसतं. आणि पुढे तपासणी अधिकाऱ्याने खाण बंद करायचं म्हटलं, तर अख्ख्या गावाची चूल त्या खाणीवर असते. मालक परका असो की स्वकीय, असं एकाच कारखान्यावर जगणारं गाव समोर असलं की सरकारचा हात थरथरतो. झेक सरकारला पर्याय होते, दोन खरीददार दाराशी उभे होते. तेमिरताऊत तशी चुरस नव्हती.

चुरस असली की काय फरक पडतो, ते युक्रेनने रुपये-पैशांत दाखवून दिलं. क्रिवोरिझस्ताल हा तिथला सर्वांत मोठा पोलाद कारखाना. २००४ मध्ये तो रिनात अख्मेतोव्ह आणि विक्टर पिंचुक या उद्योगपतींच्या गटाला सुमारे ८० कोटी डॉलरना विकला गेला. पिंचुक हे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष कुचमा यांचे जावई. निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्या नारिंगी क्रांतीनंतरच्या नव्या सरकारने तो व्यवहार रद्द केला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये टीव्हीवर सर्वांसमक्ष लिलाव केला. मित्तल स्टीलने बोली जिंकली, ४.८ अब्ज डॉलरना. कारखाना तोच, भट्ट्या त्याच, सव्वा वर्षात किंमत सहापट. वरचे चार अब्ज डॉलर हे उघड्या लिलावाचं मोल होतं.

गुंतवणूकदाराच्या बाजूनेही एक भीती असते, ती सखालिनमध्ये दिसली. रशियाच्या पूर्व टोकाच्या या बेटावरच्या तेल-वायू प्रकल्पाचा, सखालिन-२ चा, करार १९९४ मध्ये झाला. तेव्हा तेल स्वस्त होतं आणि रशिया अगतिक. शेल आणि जपानी कंपन्यांनी समुद्रात अब्जावधी ओतले. २००६ पर्यंत तेल महागलं, रशिया सावरला, पर्यावरणाच्या कारणावरून परवाना अडवला गेला आणि वर्ष संपता संपता ७.४५ अब्ज डॉलर देऊन गाझप्रोम या रशियाच्या सरकारी वायू कंपनीने निम्म्याहून अधिक वाटा घेतला. विहीर खणेपर्यंत खणणाऱ्याची मिजास, पाणी लागलं की मालकाची. कारखाना उचलून परत नेता येत नाही. म्हणून कोर्ट, कायदा, शब्द पाळणारं सरकार यांना गुंतवणूकदार पगाराच्या दराइतकंच मोजतात. युरोपीय संघात येऊ घातलेल्या देशांकडे पैसा वळला, त्याचं एक मोठं कारण हेच. संघाचे नियम स्वीकारले की उद्याचं सरकार मनाला येईल तसं वागू शकणार नाही, हा भरवसा मिळत होता.

शेवटचा हिशोब नफ्याचा. परका मालक नफा घेऊन जाणार, यात लपवाछपवी नाही, तो त्यासाठीच आलेला असतो. देशात किती उत्पादन झालं हे सांगणारा आकडा म्हणजे जीडीपी. त्यातला किती हिस्सा देशातल्या लोकांच्या पदरात पडला, हे सांगणारा आकडा म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. झेक प्रजासत्ताकात दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दर वर्षी काही टक्क्यांनी कमी असतो, आणि लाभांशाच्या रूपाने बाहेर जाणारी रक्कम हा तिथल्या राजकारणात कायम पेटलेला विषय आहे. ज्वारी आपल्या रानात पिकली तरी सगळी कणगी आपली नसते. आणखी एक बारकावा: परक्या कंपनीने नफा बाहेर न नेता देशातच ठेवला, तर हिशोबात ती 'नवी थेट गुंतवणूक' म्हणून नोंदली जाते. त्यामुळे गुंतवणूक वाढल्याची बातमी आली, तरी सीमेपलीकडून नवा पैसा आलेलाच असतो असं नाही. बातमी वाचताना एवढं विचारावं.

मग झेक लोकांना तोटा झाला का? मला तसं वाटत नाही. स्कोडामध्ये आज त्यांच्या देशात ३० हजारांहून अधिक लोक काम करतात. पण त्यांची अस्वस्थता खरी आहे. शेजारच्या जर्मन कामगाराइतकंच काम करून त्याच्यापेक्षा बराच कमी पगार घेत तीस वर्षं गेली. जोडणीची कामं आली ती स्वस्त मजुरीमुळे, आणि मजुरी वाढली तर ती जातील ही भीती पाठ सोडत नाही. यातून बाहेर काढते ती कागदावर गाडी रेखणारी माणसं. १९९१ च्या करारात ज्यांची जागा राखली गेली, ती.

ती माणसं आता आपल्यापर्यंत पोचली आहेत. २०१८ मध्ये फोक्सवागन समूहाने भारतातल्या कामाची धुरा स्कोडाकडे दिली. पुण्यात २०१९ मध्ये तंत्रज्ञान केंद्र सुरू झालं. म्लादा बोलेस्लावचे आणि पुण्याचे अभियंते मिळून भारतातल्या रस्त्यांसाठी आणि भारतातल्या किमतीसाठी गाडी आखू लागले. २०२१ मध्ये चाकणच्या लाईनवरून कुशाक बाहेर पडली. तिचे बहुतेक सुटे भाग भारतातच बनतात. गाडीवर स्कोडाचा पंखवाला बाण आहे, आणि नफा शेवटी फोक्सवागनच्या गावाला, वोल्फ्सबुर्गला जातो.